ईशापूर २ए१ : काही महिने वापरल्यावर, आणि हेडस्पेसवरून झालेलं भांडण

ओहायोत राहून पश्चिम बंगालची, ७.६२ नाटो काडतुसाची ली-एनफिल्ड घडणीची रायफल घेतली, कारण स्वस्त पडली. बारा गोळ्यांचं मॅगझिन, ८०० मीटरची साइट हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझी १९६७ ची. बोल्ट आणि रिसीव्हरवर नंबर एकच. डीपीचा शिक्का कुठेही नाही. असता तर ती कवायतीची रायफल, फुकट मिळाली तरी उडवायची नाही. नळीत काळं कडंही दिसलं नाही, म्हणजे फुगवटा नाही.

तरी आधी हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर, तपासायला गनस्मिथकडे दिली. या गृहस्थाने एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) न काढताच .३०८ चा, म्हणजे ७.६२ नाटोच्या बाजारी भावंडाचा, नो-गो गेज (यावर बोल्ट बंद व्हायला नको) घातला, बोल्ट बंद झाला, 'भंगार आहे, भिंतीवर टांगा' म्हणाला आणि साठ डॉलर घेतले! तो गेज १.६३४ इंचांचा, ७.६२ नाटोचं चेंबर मुळातच त्याहून लांब, लष्करी फील्ड गेज, म्हणजे कमाल मर्यादा, १.६४५५ चा. बरंच समजावलं. ऐकेना, पैसेही परत देईना. शेवटी गो (किमान मर्यादेचा, यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा) आणि फील्ड दोन्ही गेज मीच घेतले. एक्स्ट्रॅक्टर काढून बोल्टचा दांडा दोन बोटांनी हलकेच खाली नेला. गोवर बंद होतो, फील्डवर होत नाही. पास.

तेव्हाच पाच तारे देऊन टाकणार होतो. मग दुकानातल्या साध्या .३०८ च्या रिकाम्या पुंगळ्या निरखून पाहिल्या. बुडाच्या जरा वर गोल, चकाकती रेघ. टोक वाकवलेली तार आतून फिरवली की तिथेच अडते. एकदा उडवलेल्या पुंगळीत अशी खाच, म्हणजे पुढची एखादी तिथेच तुटून गॅस मागे येऊ शकतो. ली-एनफिल्डच्या बोल्टचे लग (बोल्ट अडकवून धरणारे दात) मागे असतात, त्यामुळे दाबाखाली तो किंचित लवतो. त्यात चेंबर लांब आणि या पुंगळीचं पितळ पातळ. लष्करी ७.६२ च्या जाड पुंगळ्यांवर रेघ नाही.

थोडक्यात, गनस्मिथ निम्मा बरोबर होता, पण कारण भलतंच. साठ डॉलरांचा राग कायम आहे.

नंबर ४ या नंतरच्या ली-एनफिल्डला ० ते ३ क्रमांकांची, कमी-जास्त लांबीची बोल्ट हेड (बोल्टचं पुढचं टोक) मिळतात, बदलली की झालं. आपली त्याआधीच्या, जुन्या एसएमएलई या ली-एनफिल्डच्या घडणीची. हेडवर क्रमांक नाहीत, एकेक लावून बघत बसायचं. ते कोण करणार? आता फक्त लष्करी ७.६२ घालतो, आणि दर खोक्यातल्या काही पुंगळ्या तारेने तपासतो.

निशाणा उत्तम, ट्रिगर ठीक. चार तारे. पाचवा काडतुसांच्या बिलाने खाल्ला.