युद्धनौकेसाठी विणलेले मानपत्र : सोलापूरच्या पूर्व भागातील एका विणकर दालनाविषयी

आमच्या गावचे काही तरुण ज्या युद्धनौकेवर सेवेत आहेत, त्या नौकेला मानपत्र अर्पण करण्याचा ठराव सोलापूर जिल्ह्यातील आमच्या नगर परिषदेने केला. मी आयुष्यभर ठरावांचे मसुदे लिहीत आलो असल्यामुळे मानपत्र तयार करून घेण्याचे काम माझ्याकडे आले. छापील मजकूर, लाकडी चौकट, शाल आणि श्रीफळ हा नेहमीचा संच सोलापूरच्या नवी पेठेत एका दिवसात मिळाला असता. परंतु समुद्र न पाहिलेल्या जिल्ह्याने नौकेला द्यायचे ते आपल्या मागावरचे असावे, असे ठरले आणि आम्ही पूर्व भागातील, वॉल हँगिंग विणणाऱ्या एका दालनात गेलो.

ही कल्पना अगदीच जगावेगळी नव्हती. इंग्लंडमधील लीड्स हेही समुद्रापासून दूर असलेले शहर आहे. नोव्हेंबर १९४१ मध्ये ‘आर्क रॉयल’ ही विमानवाहू नौका जिब्राल्टरजवळ बुडाल्यानंतर लीड्सच्या नागरिकांनी तिच्या जागी नवी नौका यावी म्हणून युद्धबचत मोहिमेत नव्वद लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली आणि १९७३ मध्ये त्याच नावाच्या पुढच्या नौकेला त्या शहराने मानद नागरिकत्व बहाल केले. शेफील्डने तर आपल्या नावाच्या क्रूझर प्रकारच्या युद्धनौकेला स्वतःच्या कारखान्यांतले स्टेनलेस स्टील दिले, म्हणून खलाशी तिला ‘शायनी शेफ’ म्हणत. तिकडे असा सन्मान मिळालेल्या दलाला ढोल वाजवीत, निशाण फडकवीत, संगिनी चढवून शहरातून संचलन करण्याचा मान मिळतो. आमच्या मानपत्राने असा कोणताही हक्क मिळत नाही. सन्मान काय तो त्या वस्तूतच असतो, आणि म्हणूनच तिची पारख मी जरा कठोरपणे करीत आहे.

विणकाम उत्तम आहे, हे आधी सांगितले पाहिजे. नक्षी प्रथम चौकटींच्या कागदावर उतरविली जाते, त्यावरून पंच कार्डे पाडली जातात आणि कार्डावरील भोकांनुसार जॅकार्ड ही मागावरची यंत्रणा ताण्याचे, म्हणजे उभे, नेमके धागे उचलते. नौदलाच्या २०२२ पासूनच्या निशाणावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेली अष्टकोनी आकृती आहे. तशीच दुहेरी सोनेरी किनार आम्ही मागितली होती आणि तिच्या तिरप्या बाजू, ज्या मागावर हमखास पायऱ्यांसारख्या दिसतात, येथे हातभर अंतरावरूनही सरळ भासतात. अडचण आली ती अक्षरांत. नौदलाचे ‘शं नो वरुणः’ हे ब्रीद पहिल्या नमुन्यात अनुस्वाराविना आले आणि विसर्गाच्या दोन टिंबांची एक उभी रेघ झाली. “साहेब, टिंब लई बारीक आहे, धाग्यात बसत नाही,” असे कारागिराने प्रांजळपणे सांगितले. मात्र अक्षरे मोठी करून तेवढी कार्डे त्याने पुन्हा पाडली आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. अक्षरे वाढल्यामुळे माझा मजकूर निम्म्यावर आणावा लागला. मानपत्रांतील विशेषणांना अशी कात्री अधूनमधून लागावी, असे माझे जुने मत आहे.

चौकटीच्या बाबतीत मात्र दालनाने विचार केला नाही. मानपत्र नौकेवर लावायचे आहे, हे पहिल्याच भेटीत सांगूनही त्यांनी समोर काच बसविली आणि मागे, दिवाणखान्यातील तसबिरीला असते तशी, एकच कडी दिली. डोलणाऱ्या नौकेवर एका कडीवरची तसबीर भिंतीवर आपटत राहणार आणि काच फुटली तर तुकडे सगळीकडे पसरणार, हे आमच्याच गावच्या एका निवृत्त नौसैनिकाने लक्षात आणून दिले. शेवटी काचेच्या जागी ॲक्रिलिक, चारही कोपऱ्यांत स्क्रूची सोय आणि सुती कापडाला खारट दमट हवा लागू नये म्हणून मागून बंद पाठ, एवढे काम आम्ही दुसरीकडून करून घेतले. निळा रंगही गडद नौदली न येता चादरीच्या निळ्याकडे झुकला आहे, आणि तीन आठवड्यांचे काम पाच आठवड्यांनी हातात पडले. रंगाचे मी मनावर घेत नाही. उशिराबद्दल आधी एक दूरध्वनी यायला हवा होता.

किमतीचा मोठा भाग नक्षी आणि कार्डे यांचा असतो. त्यामुळे दुसरी प्रत बरीच स्वस्त पडली आणि ती आमच्या सभागृहात लागली. असे काम देणाऱ्यांनी दोन प्रती घ्याव्यात आणि कार्डे जपून ठेवण्याची अट पावतीवरच लिहून घ्यावी. आपले नौदल निवृत्त नौकांची नावे नव्या नौकांना देते. १९९७ मध्ये निवृत्त झालेल्या ‘विक्रांत’चे नाव २०२२ मध्ये नव्या विमानवाहू नौकेला मिळाले. आमच्या नौकेच्या नावाची दुसरी नौका कधी आली, तर वर्ष आणि क्रमांक यांचीच कार्डे बदलावी लागतील. कारागिराने आमचा गठ्ठा सुतळीने बांधून, वर नौकेचे नाव लिहून फळीवर ठेवला आहे.