नुसता पीओ की वर्षाचा करार? शिरोलीतल्या एका मशिन शॉपचा अनुभव

कंपनीचा पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, आलाय, काम सुरू करता येतंय, मग वेगळा करार कशाला? कोल्हापूरजवळच्या शिरोलीत नवं मशिन शॉप टाकलेली मुलं हे विचारतात तेव्हा त्यांचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. मीही सहा वर्षं नुसत्या पीओवर काम केलं. गेली चार वर्षं दोन मोठी गिऱ्हाइकं आणि आम्हाला लोखंड ओतून देणारी फौंड्री यांच्याशी वर्षाचा लेखी करार आहे. बाकीच्यांचं अजून पीओवरच चालतं. आम्ही फौंड्रीकडून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, घेतो आणि मशिनिंग करून, म्हणजे मशिनवर कापून मापात आणून, पुढं देतो. म्हणजे सकाळी आम्ही खरेदीदार, संध्याकाळी पुरवठादार. त्यामुळं कागदातली चूक दोन्हीकडून आमच्याच अंगावर येते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पीओ कच्चा आणि स्टॅम्पपेपर पक्का, असं काही नसतं. 1872 च्या करार कायद्याला तोंडी ठरलेलंही चालतं. पीओ स्वीकारून माल दिलात की करार झालाच. त्यात काय काय ठरलं, हे मात्र भांडण लागल्यावर शोधावं लागतं.

सोयीत पीओ पुढं आहे. सकाळी मेलवर पीओ, दुपारी मशिनवर जॉब. करारासाठी मला पहिल्या कंपनीच्या परचेसवाल्यांकडं चार फेऱ्या माराव्या लागल्या, आणि त्यांच्या लीगल खात्यानं मसुदा दोन महिने ठेवून घेतला. नमुन्याचे दहा पीस असतील किंवा एकदाच लागणारा जॉब असेल, तर करारामागं लागू नका.

दराच्या बाबतीतही पीओ थोडा बरा म्हणता येईल. पिग आयर्न (ओतकामाचं कच्चं लोखंड), स्क्रॅप चढलं की पुढच्या पीओला नवा दर मागता येतो. करारात दर वर्षभर गोठतो. दर तिमाहीला कच्च्या मालाप्रमाणं दर बदलायचं कलम पहिल्या वर्षी आमच्याकडून राहून गेलं, ते वर्ष जड गेलं. पेमेंटला दोन्हीकडं कायदा एकच. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला 2006 च्या एमएसएमई कायद्यानं 45 दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, कागदावर 90 दिवस छापलेले असले तरी. लेखी काहीच ठरलं नसेल तर 15 दिवस. अशा पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते देईपर्यंत तो खर्च आयकरात धरता येत नाही, असं 43बी(एच) कलम 1 एप्रिल 2024 पासून लागू झालं आणि परचेसवाले स्वतःहून उद्यमचं सर्टिफिकेट मागायला लागले.

माझा निर्णय झाला तो डेबिट नोटमुळं, म्हणजे खराब मालाचे पैसे बिलातून कापल्याच्या कंपनीच्या कागदामुळं.

पंपाची केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, होती, बारा किलोचं कास्टिंग. ब्लो होल, म्हणजे ओतताना आत राहिलेली पोकळी, वरून दिसत नाही. फेसिंग झालं, ड्रिलिंग झालं, बोअरला शेवटचा कट बसतो आणि चकचकीत भिंतीत मोहरीएवढं काळं भोक उघडतं. तोवर त्या पीसवर इन्सर्ट (कापायच्या हत्याराचं टोक), वीज, ऑपरेटरचा वेळ, सगळं खर्ची पडलेलं असतं. आणि भोक आतच दडून राहिलं तर कंपनीच्या पाण्याच्या टेस्टला केसिंगला घाम फुटल्यासारखं पाणी झिरपतं.

एकदा, पाच महिने आधी गेलेल्या मालातले 38 पीस असे निघाले. मला कळलं ते कंपनीशी लेजर, म्हणजे हिशेबाचं खातं, जुळवताना. पूर्ण तयार पीसचा दर, वर लाइन थांबल्याचे पैसे, सगळं बिलातून वजा झालेलं. पीस बघायला गेलो तर ते भंगारात गेले होते. फौंड्रीत गेलो, तर मालक वयानं मोठे, जुना घरोबा. ते म्हणाले, "पीस आणून दाखव बाळा, वजनाचे पैसे आत्ता वजा करतो." दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं. आणि पीस असते तरी मिळाले असते फक्त लोखंडाच्या वजनाचे. आमच्या मशिनिंगचं कुणाच्याच कागदावर नाव नव्हतं.

दोघांचे कागद मग शेजारी ठेवून वाचले. कंपनीच्या पीओमागं बारीक अक्षरात लिहिलेलं, की माल कधीही नाकारता येईल. फौंड्रीच्या बिलाखाली छापलेलं, तक्रार सात दिवसांत. करार कायद्याचं सातवं कलम म्हणतं की स्वीकार बिनशर्त हवा; प्रत्येकानं आपापली अट छापलेला कागद पुढं सरकवला की कुणाची अट चालते यावर वकीलसुद्धा वाद घालतात. 1930 च्या मालविक्री कायद्यात आहे, की वाजवी वेळेत नाकारल्याचं कळवलं नाही तर माल स्वीकारला असं धरतात. ही वाजवी वेळ किती, हे तिथं दिवसांत दिलेलं नाही. पाच महिने वाजवी की नाही, हे 38 पीससाठी कोर्टात कोण ठरवत बसणार? रक्कम भांडायला लहान आणि सोसायला मोठी, आणि असं वर्षातून तीन-चारदा.

करारात आम्ही तेवढंच बांधून घेतलं. वरून दिसणाऱ्या दोषाला 15 दिवस, आतल्या दोषाला 90. पीस परत पाठवायचे, नाहीतर आम्ही बघेपर्यंत राखून ठेवायचे. लाइन थांबल्याचे पैसे लावायचे नाहीत. करार मोडल्याचं दूरचं नुकसान मागता येत नाही, हे 73व्या कलमात आहेच, पण लाइन थांबणं दूरचं की जवळचं यावर वाद होतो, म्हणून स्पष्ट लिहिलं. फौंड्रीशी आतल्या दोषाला 105 दिवस ठरवले, म्हणजे कंपनीनं शेवटच्या दिवशी कळवलं तरी आम्हाला पंधरा दिवस मिळतात. मशिनिंगची पीसमागं रक्कम ठरवली, निम्मी त्यांची, निम्मी आमची. फौंड्रीच्या मालकांनी सही करायला पाच मिनिटं घेतली.

पुराचं कलमही घालून घ्या. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021, दोन्ही वेळा पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं. तयार माल शेडमध्ये आणि आमच्या पीओवर उशिराला आठवड्याला अर्धा टक्का दंड. पीओत पुराचा उल्लेख नव्हता. कायद्याचं 56वं कलम अशक्य झालेल्या कामासाठी आहे, आठ दिवसांच्या उशिराला ते सहसा पुरत नाही.

माझं काम केसिंगसारखं, आत दोष दडणारं आहे. तुम्ही लोखंडी बारमधून, म्हणजे सळईतून, टर्निंगचे जॉब करत असाल तर कदाचित तुम्हाला हा त्रास होणारही नाही, आणि पीओ पुरेल. पण ओतकामावर मशिनिंग असेल, तोच जॉब दर महिन्याला जात असेल, तर मी तरी दोन महिन्यांच्या फेऱ्या सोसून करार करीन. पाचशेचा स्टॅम्प आणि चार पानं.

त्या चार पानांत एक ओळ विसरू नका: करार आणि पीओ यांत फरक पडला तर करार धरावा. कारण करार झाला तरी कंपनीच्या सिस्टिममधून पीओ निघतच राहतात, मागच्या बारीक अक्षरासकट. करारानंतरच्या दुसऱ्या वर्षी नऊ पीसची डेबिट नोट अशीच आली, लाइन थांबल्याच्या पैशांसह. मी त्या ओळीचा फोटो मेलला जोडून पाठवला. आठ दिवसांत सात पीस परत आले, दोन त्यांना सापडले नाहीत ते त्यांनी सोडून दिले, आणि लाइनचे पैसे लेजरला परत जमा झाले.