ओटीपी मीच त्याच्याकडे मागत होतो

ओटीपी कुणाला सांगू नका, हे सांगून सांगून बँका दमल्या, पोलीस दमले. माझ्याकडून कुणी ओटीपी काढून घेतला नाही. उलट मीच सात महिने एका भामट्याला फोन करून म्हणत होतो, "अहो, ओटीपी आला असेल बघा, पाठवा ना जरा."

मी मेकॅनिकल डिप्लोमावाला. वीस वर्षं एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. कारखाना गुजरातला गेला, मी भांडुपलाच राहिलो. आता सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांची देखभाल करतो. मुंबईत पाणी ठरावीक वेळेला येतं, खालच्या टाकीत पडतं आणि तिथून पंपाने गच्चीवर चढतं. सकाळी पंप बसला की सात वाजल्यापासून माझा फोन वाजायला लागतो, आणि फोनवरचा माणूस अर्ध्या आंघोळीतला असतो. त्यामुळे पंप बसायच्या आधी कळलं पाहिजे, हा माझा जुना ध्यास. कारखान्यात आम्ही व्हायब्रेशन मीटर लावून बघायचो. तेच स्वस्तात करायचं ठरवलं.

लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, ईएसपी३२ चे (वायफायवाल्या छोट्या कंट्रोलरचे) पाच बोर्ड आणि कंपन मोजणारे पाच एडीएक्सएल३४५ सेन्सर आणले. पाच सोसायट्यांच्या पंपांवर एकेक बसवला. हा सेन्सर सेकंदाला ३२०० वेळा कंपन मोजू शकतो. एवढा सगळा माल नेटवर चढवण्यात अर्थ नसतो, म्हणून कच्चा डेटा मेमरी कार्डवर आणि दर मिनिटाला फक्त हिशेबाचे आकडे थिंगस्पीकवर (सेन्सरचे आकडे साठवणाऱ्या वेबसाइटवर), अशी मांडणी केली. महिन्याकाठी कार्ड काढून घरी आणायचं आणि मॅटलॅब नावाच्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये एफएफटी करून बघायचं, म्हणजे कंपनात कुठल्या वेगाची थरथर किती आहे ते वेगळं काढायचं. २८८० आरपीएमचा (मिनिटाला २८८० फेऱ्यांचा) पंप म्हणजे सेकंदाला ४८ फेरे, तेव्हा आलेखात ४८ हर्ट्झला एक सुळका दिसणारच. त्याच्या दुपटीला, ९६ ला, सुळका वाढायला लागला तर मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचं अलाइनमेंट बघायचं. ६२०५ नंबरच्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगला खड्डा पडला, तर १७२ हर्ट्झच्या आसपास काहीतरी डोकं वर काढतं. कानाला ऐकू यायच्या कितीतरी आधी.

या कामात आकड्यापेक्षा कालचा आकडा महत्त्वाचा असतो. प्रत्येक पंपाचा पाया वेगळा, पाइपांची बांधणी वेगळी. एका सोसायटीत जे कंपन रोजचं, ते दुसरीकडे धोक्याचं. पंप ठणठणीत असताना तो किती हलत होता हे लिहून ठेवलेलं नसेल, तर आजच्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. पुढे जे झालं त्यात माझा जीव कशात अडकला होता ते यावरून कळेल.

आता मॅटलॅब. कंपनीच्या साइटवर किंमत बघितली. मूळ सॉफ्टवेअरचे वेगळे, सिग्नल प्रोसेसिंगच्या टूलबॉक्सचे वेगळे. बेरीज केली आणि लॅपटॉप मिटला. तीस दिवसांची ट्रायल वापरून झाली होती. मे महिन्यात लॅमिंग्टन रोडलाच एका काउंटरवर हे बोलून बसलो. शेजारी उभा असलेला एक जण म्हणाला, "साहेब, लाइफटाइम लायसन्स देतो. क्रॅक नाही, ओरिजिनल. साडेसहा हजार."

चांगला शर्ट-पँटमधला, पस्तिशीचा, मराठी बोलणारा. गाव विचारलं तर साताऱ्याकडचं सांगितलं. माझंही तिकडचंच. ग्रँट रोड स्टेशनबाहेर दोन कटिंग झाल्या, बिल त्यानेच दिलं. आपला माणूस भेटला की आपण चौकशी करायचं सोडतो आणि गप्पा मारायला लागतो. पैसे मी रोख दिले. पावती मागितली नाही. त्याने लॅपटॉपवर तिथेच, स्टेशनच्या वायफायवर डाउनलोड लावून दिलं आणि लॉगिनसाठी एक ईमेल पत्ता आणि पासवर्ड कागदावर लिहून दिला. पत्ता कुठल्याशा परदेशी विद्यापीठाचा होता. "कंपनीचं कॉलेजांशी टायअप असतं ना, त्यातलंच आहे," एवढंच म्हणाला.

मॅटलॅब उघडलं. कंपनीच्या खऱ्या साइटवरून उतरलेलं, खरं लायसन्स, सगळे टूलबॉक्स हजर. घरी येऊन बायकोला म्हटलं, "बघ, जगात अजून चांगली माणसं आहेत."

थिंगस्पीकही त्याच कंपनीचं, त्याच लॉगिनने चालतं. माझं आधी स्वतःचं फुकटचं खातं होतं. त्याला वर्षाला तीस लाख मेसेजची मर्यादा. मिनिटाला एक धरला तर एका पंपाचे वर्षाला ५ लाख २५ हजार ६०० होतात, पाचांचे २६ लाख २८ हजार. सहावी सोसायटी घेतली की मर्यादा संपली. शिवाय फुकटचं खातं धंद्यासाठी नसतं हेही तिथे लिहिलेलं होतं, ते मी तेव्हा सोयीने वाचलं नाही. या विद्यापीठाच्या खात्यावर मोकळं रान दिसलं. प्रत्येक पंपाचा एक असे पाचही चॅनल मी तिकडे काढले, पाचही बोर्डांत नवीन राइट की (चॅनलवर आकडे लिहायची परवानगी देणारे कोड) टाकल्या आणि जूनपासून सगळा डेटा तिकडे जायला लागला. ही माझी चूक. सॉफ्टवेअर गेलं असतं तर दुसरं घेता आलं असतं. मी माझी पाच मशिनं उचलून दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवली, आणि घराची चावी त्याच्याकडे.

चावी त्याच्याकडे होती हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. लॅपटॉप बदलला, ब्राउझर बदलला की साइट ओटीपी मागायची. ओटीपी जायचा त्या विद्यापीठाच्या मेलवर, आणि तो मेल उघडत होता तो. मग मी फोन करायचा. कधी लगेच उचलायचा, कधी संध्याकाळी. "सॉरी साहेब, लोकलमध्ये होतो." मी आभार मानायचो.

दुसरी खूण तर रोज डोळ्यांसमोर होती. मॅटलॅबच्या खिडकीच्या अगदी वरच्या पट्टीत, नावाच्या आणि व्हर्जनच्या पुढे, छोट्या अक्षरात लिहिलेलं असायचं: ॲकॅडमिक यूज. शिक्षणापुरता वापर. मी सोसायट्यांना बिलं फाडत होतो. ते शब्द सात महिने मी दारावरच्या जुन्या पाटीसारखे बघत होतो. बघत होतो, वाचत नव्हतो. लाइफटाइम लायसन्सच्या पट्टीत हे शब्द कशाला, एवढा एक प्रश्न पुरेसा होता.

जानेवारीत एका सकाळी लॉगिन होईना. पासवर्ड चुकीचा. फोन केला. आवाज तोच, गोड. "साहेब, रिन्युअल आलंय. बारा हजार."

"अहो, लाइफटाइम म्हणाला होतात."

"लाइफटाइम सॉफ्टवेअरचं. हे अकाउंटचं."

मी तासभर भांडलो, मग घासाघीस केली, मग हात जोडले. त्याला पक्कं माहीत होतं की मला मॅटलॅबचं पडलेलं नाही. माझे पाच पंप आत अडकलेत. बोर्ड तिकडे अजूनही दर मिनिटाला इमानेइतबारे आकडे पाठवत होते. राइट की चालू होती, लिहिणं सुरू होतं. वाचता मात्र मला येत नव्हतं. शेवटी "ॲडव्हान्स" म्हणून चार हजार यूपीआयने पाठवले. खातं उघडलं. मी निश्चिंत होऊन झोपलो. त्या रात्री बसून सगळा डेटा उतरवून घेता आला असता, तेवढा वेळ नक्की होता. दोन दिवसांनी खातं परत बंद, आणि उरलेल्या आठ हजारांचा मेसेज.

बायको म्हणाली, "चोराकडून छत्री घेतली, आता पावसात तो परत न्यायला आला, तर ओरडायचं कुणाच्या नावाने?" यावर आजही माझ्याकडे उत्तर नाही.

तरी ओरडलो. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न केला, पैसे कधी गेले? यूपीआयचा व्यवहार क्रमांक मागितला. पैसे गेल्यावर लगेच, काही तासांत कळवलं तर समोरच्या खात्यात ते गोठवायची शक्यता असते. माझे चार हजार जाऊन पाच दिवस झाले होते. साडेसहा हजार तर रोख, त्याचा कुठे मागमूस नाही. सायबरक्राइमच्या पोर्टलवर तक्रार भरली, व्हॉट्सॲपच्या संभाषणाचे फोटो जोडले. पोलीस ठाण्यात एक तरुण अधिकारी भेटले, सभ्य माणूस. सगळं ऐकून म्हणाले, "काका, हे लायसन्स त्याचं नव्हतं, तुम्हाला ठाऊक होतं का?" मी म्हटलं, ठाऊक नव्हतं. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. तक्रार घेतली मात्र.

मग निस्तरायचं काम. बोर्डांत राइट की आणि वायफायचा पासवर्ड मी प्रोग्राममध्येच कोरून टाकले होते. बदलायचे तर प्रत्येक पंपरूमला जाऊन लॅपटॉप जोडायचा. भांडुपच्या दोन, कांजूरची एक, मुलुंडच्या दोन. पंपरूम म्हणजे जिन्याखालची कोंदट खोली, पायाखाली पाणी, डोक्यावर चाळीसचा बल्ब. एका हातात मोबाइलची बॅटरी, दुसऱ्या हाताने बोर्डावरचं ते मुगाच्या दाण्याएवढं बूटचं बटण दाबून धरायचं, आणि केबल सैल झाली की पुन्हा पहिल्यापासून. मुलुंडला वॉचमनने तासभर स्टुलावर बसून सगळं पाहिलं आणि विचारलं, "साहेब, पंप बिघडला काय?" म्हटलं, "नाही रे, पंप बरा आहे."

आता आकडे घरातल्या रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर येतात, त्यावर मॉस्किटो नावाचा एक छोटा ब्रोकर, म्हणजे बोर्डांचे मेसेज घेणारा प्रोग्राम, चालतो. पत्ता आणि की आता प्रोग्राममध्ये नाहीत, मोबाइलवरून बदलता येतील अशा ठेवल्यात. मॅटलॅबच्या जागी तसंच चालणारं ऑक्टेव्ह, ते फुकट आणि मोकळं. माझ्या मॅटलॅबच्या साध्या प्रोग्रामच्या .एम फाइली त्यात जवळपास तशाच चालल्या. एफएफटी ही एफएफटीच, मॅटलॅबमध्ये करा नाहीतर कुठेही. मला सगळे टूलबॉक्स हवे होते, त्यातले मी वापरले किती, तर दीड. लाइव्ह स्क्रिप्ट म्हणून ज्या फाइली हौसेने बनवल्या होत्या त्या मात्र ऑक्टेव्हने उघडल्या नाहीत, त्या हाताने परत लिहिल्या. दोन रविवार गेले.

गेलेली गोष्ट एकच, जूनपासूनचे आकडे. मेमरी कार्डं भरली की जुनं पुसून नवीन लिहायची, त्यामुळे तिथेही दीड महिन्याच्या मागचं काही नव्हतं. कांजूरच्या पंपाचा ९६ हर्ट्झचा सुळका आता मोठा वाटत होता. पण कशापेक्षा मोठा? पावसाळ्यातही तो एवढाच होता का? सेक्रेटरी काकांना सांगावं तर काय सांगावं? "पंप उघडू या" म्हटलं तर दिवसभर पाणी बंद, मग शिव्या मला. गप्प बसलो, रोज ऐकत राहिलो.

मार्चमध्ये एका अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज कॉलेजच्या पोराचा. "सर, तुम्ही भांडुपचे पंपवाले का?" तो नाशिकचा, शेवटच्या वर्षाचा इंजिनिअरिंगचा. प्रोजेक्टसाठी त्याने मॅटलॅबचं खातं विकत घेतलं होतं, पाच हजारांना, लाइफटाइम. आत गेला तर पाच चॅनल आधीच तयार. प्रत्येकाच्या वर्णनात मीच लिहून ठेवलेलं: 'काही अडचण आल्यास संपर्क', आणि खाली माझा नंबर. "सर, हे 'कांजूर सी विंग' काय आहे? मी डिलीट करू का?"

मी जवळजवळ ओरडलो, "हात लावू नकोस!"

भल्या पोराने त्याच रात्री पाचही चॅनलच्या सीएसव्ही फाइली उतरवून पाठवल्या. जून ते जानेवारी, मिनिटामिनिटाचे आकडे. कांजूरची फाइल पहिली उघडली. सुळका जूनमध्ये होता त्याच्या पावणेतीन पट. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी येऊन गेल्यावर पंप उघडला, कपलिंगचं रबर कुरतडल्यासारखं झालं होतं. साडेतीनशे रुपयांचं रबर.

संध्याकाळी पोराला फोन लावला. त्याने किती दिलेत, कसे दिलेत, विचारलं. यूपीआयने, परवाच. म्हटलं, आधी १९३० लाव, आत्ता, माझ्याशी नंतर बोल. तो चाचरला, "पण सर, चालतंय ना व्यवस्थित. ओटीपी पण तो लगेच देतो."