पालेर्मोची ‘आदियोपित्सो ट्रॅव्हल’ सफर : खान्देशातल्या व्यापाऱ्यांसाठी एक अभिप्राय

जळगाव आणि धुळ्यातील आम्ही काही व्यापारी कुटुंबे इटलीला गेलो, तेव्हा नेहमीच्या रोम-व्हेनिसला सिसिली बेट जोडून घेतले आणि पालेर्मो शहरात ‘आदियोपित्सो ट्रॅव्हल’ या संस्थेची पायी सफर केली. माफियाला खंडणी न देण्याचे जाहीर करणाऱ्या व्यावसायिकांचे शहर ही संस्था दाखवते, आणि पर्यटकाने राहण्या-जेवण्यावर केलेला खर्च अशाच व्यावसायिकांच्या हाती पडेल याची काळजी घेते. दुकानदारीवर घर चालणाऱ्या कोणालाही मी ही सफर मनापासून सुचवीन.

सफरीचा गाभा म्हणजे पालेर्मोतील खंडणीची पद्धत. तिथे खंडणीला ‘पित्सो’ म्हणतात. रक्कम मुद्दाम दुकानाला पेलेल एवढीच ठेवली जाते, कारण दुकान बुडाले तर वसुलीही बुडते. कुठे ती महिन्याला घेतली जाते, कुठे नाताळ आणि ईस्टरला. कधी पैशांऐवजी आपला माणूस नोकरीला ठेवायला किंवा ठरावीक ठिकाणाहूनच माल उचलायला सांगितले जाते. नकार देणाऱ्याला पहिला इशारा म्हणून शटरच्या कुलपात चिकटद्रव्य ओतून ठेवतात, म्हणजे सकाळी दुकान उघडता येत नाही. हे ऐकताना आमच्यातले अनेक जण गप्प झाले. वर्गणीचे पुस्तक पुढे करून उभे राहणारे आणि आकडा स्वतःच सांगणारे लोक आपल्या बाजारपेठांनाही अनोळखी नाहीत.

मार्गदर्शक तरुणीने सगळ्यात जास्त वेळ लिबेरो ग्रासी यांच्यावर दिला, आणि ते योग्यच होते. कपड्यांचा कारखाना चालवणाऱ्या या उद्योजकाने जानेवारी १९९१ मध्ये तिथल्या वर्तमानपत्रात खंडणीखोराला उद्देशून खुले पत्र लिहिले आणि पैसे देणार नाही असे नावानिशी कळवले. त्याच वर्षी २९ ऑगस्टला घराजवळ त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्या जागी कुटुंबीयांनी संगमरवरी फलक लावू दिला नाही. दरवर्षी हाताने लिहिलेला कागद चिकटवला जातो, आणि त्यात माफियाबरोबरच उद्योजकांच्या संघटनेचे मौन, पक्षांची उदासीनता आणि शासनाची अनुपस्थिती यांनाही या हत्येसाठी जबाबदार धरलेले आहे. व्यापारी संघटनेत पद भूषवणाऱ्या प्रत्येकाने हा मजकूर वाचावा असे मला वाटते, कारण ग्रासी एकटे पडले ते खंडणीखोरांमुळे नव्हे, तर सोबतच्या व्यावसायिकांमुळे.

पुढे २००४ मध्ये काही तरुणांनी एका रात्रीत शहरभर चिकटपत्रे लावली : खंडणी देणारी संपूर्ण जनता ही प्रतिष्ठा गमावलेली जनता आहे. त्यातून ‘आदियोपित्सो’ ही चळवळ उभी राहिली. तिची रचना व्यापाऱ्याला चटकन समजेल अशी आहे : आधी ग्राहकांनी आपण खंडणी न देणाऱ्या दुकानातूनच खरेदी करू असे सह्यांनिशी कळवले, मग दुकानदार पुढे आले. आज हजाराहून अधिक व्यवसाय या यादीत आहेत, आणि अर्ज आला म्हणून कोणालाही तपासल्याशिवाय यादीत घेत नाहीत.

तेआत्रो मास्सिमो हे भव्य नाट्यगृह दुरुस्तीच्या नावाखाली १९७४ ते १९९७ बंद राहिले, ही माहिती आणि कापो बाजाराचा फेरफटका हेही सफरीत चांगले होते. मात्र मला ज्या गोष्टीसाठी हे लिहावेसे वाटले, ती व्हिया माकेदा या रस्त्याची आहे. सफर संपल्यावर आम्ही तिथून स्वतः चालत गेलो. इथे बांगलादेशातून आलेल्या लोकांची छोटी दुकाने आहेत आणि त्यांच्याकडून वर्षानुवर्षे वसुली होत असे. परका माणूस, भाषा अपुरी, कागदपत्रांची धास्ती, मायदेशातल्या पोलिसांचा अनुभव मनात : अशा माणसाला धमकावणे सगळ्यात सोपे असते. एप्रिल २०१६ मध्ये याच भागात गॅम्बियाहून आलेल्या एका तरुणाच्या डोक्यात गोळी झाडली गेली, तो वाचला. त्यानंतर या दुकानदारांनी ‘आदियोपित्सो’च्या साथीने एकत्र येऊन पोलिसांकडे तक्रार केली आणि मे २०१६ मध्ये दहा जणांना अटक झाली. ज्या शहरात जन्मलेले कित्येक व्यापारी गप्प बसले होते, तिथे परक्यांनी मिळून तोंड उघडले.

आपला बाजारही बाहेरून आलेल्यांनी घडवलेला आहे. मारवाडी आणि गुजराती पेढ्या, फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे, सराफ बाजारात दागिने घडवणारे बंगाली कारागीर यांच्याशिवाय जळगावची कल्पना करता येत नाही. नव्याने आलेल्या अशा कारागिराला कोणी धमकावले, तर त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात कोण जाणार, हे आपल्या संघटनांनी आधीच ठरवून ठेवायला हवे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३०८ खंडणीसाठी आहे आणि राज्यात १९९९ पासून मोक्का कायदाही आहे, परंतु तक्रारदारच पुढे आला नाही तर कायदा काय करणार?

ज्यांची मुले कॅनडात आहेत त्यांच्यासाठी एक सांगणे आवश्यक आहे. ब्रॅम्प्टन, सरे अशा शहरांत दक्षिण आशियाई व्यावसायिकांना फोनवरून धमक्या देऊन दुकानांवर गोळीबार होत आहेत. ब्रॅम्प्टन ज्या पील विभागात येते, तिथल्या पोलिसांनी डिसेंबर २०२३ मध्ये यासाठी खास पथक नेमले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कॅनडा सरकारने बिष्णोई टोळीला दहशतवादी संघटनांच्या यादीत टाकले. तिथे धमकी देणारा समोर नसतो, कधी तर दुसऱ्या देशात असतो, त्यामुळे पालेर्मोचा उपाय जसाच्या तसा लागू पडणार नाही. एकत्र येऊन तक्रार करणे मात्र तिथेही तितकेच गरजेचे आहे.

आता व्यवहाराचे. आमची सफर इंग्रजीत होती, तेव्हा गटात भाषांतर करून सांगणारा एक जण असावा. चालणे बरेच आहे, उन्हाळ्यात सकाळची वेळ घ्यावी. शाकाहारींची अडचण होत नाही, कारण तिथला पानेल्ले हा पदार्थ आपल्या पाटवड्या तळल्यासारखा, हरभऱ्याच्या पिठाचा असतो. खरेदी यादीतल्या दुकानांतूनच करावी. दारावरचे चिकटपत्र पाहून ती ओळखता येतात.