त्रैराशिक की मोल?

२५ ग्रॅम चुनखडी पूर्ण भाजली तर कळीचा चुना किती मिळेल? नववी-दहावीच्या वर्गात हे गणित दोन वाटांनी शिकवता येतं.

पहिली वाट त्रैराशिकाची. १०० ग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेटपासून, म्हणजे चुनखडीपासून, ५६ ग्रॅम चुना, तर २५ ग्रॅमपासून १४. मुलांना ही रीत पाचवी-सहावीपासून पाठ असते, त्यामुळे उत्तर झटकन येतं. परीक्षा आठवड्यावर आली असेल तर मीही हेच करून घेईन.

दुसरी वाट मोलची. मोल म्हणजे कण मोजायचं एकक: पदार्थाच्या रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम घेतले की एक मोल, म्हणजे चुनखडीचे १०० ग्रॅम, चुन्याचे ५६. २५ भागिले १०० म्हणजे पाव मोल. समीकरणात (CaCO₃ → CaO + CO₂) एकास एक, म्हणून चुनाही पाव मोल. पाव गुणिले ५६, पुन्हा १४च. एवढ्यासाठी तीन पायऱ्या कशाला, असं मुलं विचारतात आणि या गणितापुरतं त्यांचं बरोबरच असतं.

पण आता ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन द्या. पाणी किती? त्रैराशिकवाला बहुधा हायड्रोजन धरतो आणि ३६ ग्रॅम लिहून मोकळा होतो. घातलं २० ग्रॅम, निघालं ३६! मोलवाल्यासमोर मात्र हायड्रोजनचे २ मोल (४ भागिले २) आणि ऑक्सिजनचा अर्धा मोल (१६ भागिले ३२) असे आकडे असतात. समीकरणात हायड्रोजन-ऑक्सिजनचं प्रमाण दोनास एक, म्हणजे ऑक्सिजन आधी संपणार. पाणी १ मोल, १८ ग्रॅम, आणि २ ग्रॅम हायड्रोजन उरणार.

म्हणून माझं मत मोलच्या बाजूने. त्रैराशिक उत्तर ताडून पाहायला ठेवावं. वस्तुमान, मोल आणि रेणुवस्तुमान यांच्या सूत्रांचा तो त्रिकोण मात्र फळ्यावर काढूच नये. मुलं त्रिकोण लक्षात ठेवतात, मोल विसरतात.