मल्चिंग पेपरचा रोल आधी काट्यावर ठेवा, मग पैसे द्या

उन्हाळी भेंडीसाठी मल्चिंग पेपर, म्हणजे गवत दाबायला आणि ओल टिकवायला बेडवर अंथरायचं प्लास्टिक, घेणार असाल तर हे वाचून घ्या. आमच्या फलटण भागात पातळ पेपर २५ मायक्रॉन जाडीचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) म्हणून खपवला जातोय. माझ्या रानात तोच पसरलाय.

दुकानदार ओळखीतला, खतं-औषधं वर्षानुवर्षं त्याच्याकडचीच. "दादा, माल थेट कारखान्यातनं येतो, म्हणून स्वस्त पडतो," म्हणाला. रोलवर स्टिकर होतं: ४ फूट, ४०० मीटर, २५ मायक्रॉन. बेडवर ठिबकची इनलाइन नळी अंथरली, वर पेपर, चंदेरी बाजू वर. दिसायला झकास.

तोडा चालू झाला आणि पेपर बेडच्या खांद्यावर चिरायला लागला. भेंडी दिवसाआड तोडावी लागते. बायांचा सरीतून चालताना नुसता पाय लागला तरी टरकायचा. चिरेतून गवत वर आलं, म्हणजे जी खुरपणी वाचवायला पेपर घातला तिचीच मजुरी पुन्हा अंगावर. ओलही टिकेना, ड्रिप जास्त वेळ चालवावं लागलं.

दुकानदाराचं उत्तर तयारच होतं, "तुमच्या रानात लव्हाळा आहे." लव्हाळा हे टोकदार कोंबाचं तण चांगल्या पेपरलाही भोकं पाडतं, ते कबूल. पण ती भोकं बारीक असतात. इथं हातभर चिरा होत्या, त्याही जिथं गवताचं नाव नाही तिथं. न फोडलेला एक रोल उरला होता, तो काट्यावर ठेवला. आतल्या पुठ्ठ्याच्या नळीसकट साडेआठ किलो!

हिशेब सोपा आहे. ४ फूट म्हणजे १.२ मीटर, गुणिले ४०० मीटर, म्हणजे ४८० चौरस मीटर. एका चौरस मीटरला २५ मायक्रॉनचं प्लास्टिक साधारण २३ ग्रॅम भरतं. म्हणजे रोल ११ किलोच्या आसपास हवा, ३० मायक्रॉनचा असेल तर १३ च्या पुढं. साडेआठ किलोत २० मायक्रॉनसुद्धा बसत नाही. किंवा मग लांबी तरी कमी असणार. कसंही धरा, माप मारलंच.

काट्याचा फोटो दाखवल्यावर त्यानं तो एक रोल मुकाट्यानं परत घेतला. बाकीच्या रोलचं नाव काढलं की, "वापरलेल्या मालाचं काय करू मी?" बिल पाहिलं तर साध्या चिठ्ठीवर 'मल्चिंग पेपर' आणि नग, एवढंच. कंपनी नाही, मायक्रॉन नाही, जीएसटी नंबर नाही. बियाण्याच्या प्रकरणात शेतकरी हाही ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलंय, त्यामुळं ग्राहक आयोगाचा रस्ता आपल्यालाही आहे. पण चिठ्ठीवर २५ चा आकडाच नसेल तर तिथं मांडणार काय? वकिलानंही हेच विचारलं.

म्हणून पक्क्या बिलावर कंपनी, मायक्रॉन, रुंदी, लांबी लिहून घ्या, आणि रोल दुकानातच तोला. काटा नाही म्हणाला तर शेजारच्या किराणा दुकानात असतोच.