जुनं व्होटोमॅटिक मतदान यंत्र: शोभेला झकास, कामाला बेभरवशाचं

टँपाच्या एका जुन्या सामानवाल्याकडून घेतलं. 2000 च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडात वापरलेलं आहे म्हणाला, पण पुरावा मागितला तर नुसता हसला. एक स्टार तिथेच गेला.

यंत्र म्हणजे एक पेटी. पाय लावले की उभी राहते. वरच्या फटीतून कार्ड सरकवायचं, त्याची दोन भोकं खुंट्यांवर बसवायची आणि साखळीच्या टोच्याने टोचायचं. हात हलका पडला की कागदाचा चिमुकला चौकोन सुटता सुटत नाही, एका कोपऱ्याला लोंबकळतो. असलीच कार्डं उजेडात धरून तेव्हा फेरमोजणीत अधिकारी डोळे फोडत बसले होते. शेवटी 12 डिसेंबरला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणीवर पडदा टाकला आणि रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश 537 मतांनी फ्लोरिडा जिंकले. जवळपास साठ लाख मतांत 537! आमच्याकडे सरपंच याहून जास्त फरकाने येतो.

सोबत फ्लोरिडातल्याच पाम बीच काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मतपत्रिकेची नक्कल मिळाली. खरी गंमत तिच्यात. डावीकडच्या नावांत बुशचे प्रतिस्पर्धी अल गोर दुसरे, पण मधल्या रांगेत त्यांचं भोक तिसरं. दुसरं भोक उजव्या पानावरच्या ब्युकॅनन या तिसऱ्याच उमेदवाराचं. आईला म्हटलं, गोरना मत दे बघू. तिने चष्मा लावला, अचूक टोचलं आणि वर मलाच म्हणाली, "अरे, बाण दिसत नाहीत का तुला?"

घेणार असाल तर टोचा आणि साखळी जागेवर आहेत ना, ते आधी बघा. कोरी कार्डंही मागून घ्या.